कोटांमागची भिंत

आमच्या ह्यांना आजची तारीख विचाराल तर ते माझ्याकडे बघतील. काल जेवायला काय होतं ते विचाराल तरी माझ्याकडेच बघतील. पण हवा कशी आहे एवढं विचारा, की झालं! मग तुम्ही आपली खुर्ची ओढून बसायचं आणि चहा गार होऊ द्यायचा.

हे रंगारी. म्हणजे होते. गुडघे कुरकुरायला लागले तशी आधी शिडी सुटली, मग उंचावरची कामं सुटली, मग हळूहळू सगळंच सुटलं. तरी गल्लीत अजून "रंगारी आहेत का घरात?" असंच विचारतात. नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नाही. मोठी बहीण तेवढी आहे, पण तीही नावाने हाक मारत नाही, "धाकट्या" म्हणते. डोक्यावर औषधाला केस नाही, गुडघ्यांना पट्टे बांधलेले, आणि धाकट्या! पण फोनवर तिचा आवाज आला की हे बसल्या जागी ताठ होतात.

ह्यांची आई लवकर गेली. ताईनेच ह्यांना वाढवलं. शाळेत काही जीव रमेना, तेव्हा उस्तादांकडे रंगकाम शिकायला नेऊन बसवलं तेही तिनेच. ह्यांनी एकट्याने रंगवलेली पहिली भिंत बघायला ती कामावरून तशीच चालत गेली होती म्हणे. हे सांगताना मध्येच उगाच खोकतात.

उस्तादांनी ह्यांना एक गोष्ट अशी काही शिकवली, की ती ह्यांच्या हाडात जाऊन बसली. ओल्या भिंतीला रंग लावायचा नाही. आणि भिंत ओली आहे की कोरडी हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, तळहात लावून ठरवायचं. ऐन उमेदीत एकदाच ह्यांनी हा नियम मोडला. एका दवाखान्याचं उद्घाटन तोंडावर आलं होतं, डॉक्टर घाई करत होते, ह्यांनी मान तुकवली आणि ओल असताना रंग मारला. महिनाभरात भिंतीला पोपडे सुटले. पेशंट बाकावर बसून आपली पाळी येईपर्यंत नखांनी ते पोपडे काढत बसायचे. गावभर हसं झालं. त्या दिवसापासून हे जे हट्टाला पेटले ते पेटलेच.

आमच्या घराच्या मागच्या खोलीला खिडकी नाही. तिथल्या भिंतीवर खुंट्या ठोकल्यात, त्यांच्यावर कोट, रेनकोट, जुने स्वेटर, काय वाट्टेल ते लटकलेलं असतं. हे रोज उजाडायच्या आधी उठतात, अंधारात चाचपडत त्या खोलीत जातात, कोटांच्या मागे हात सारून भिंतीला तळहात टेकवतात आणि उभे राहतात. दिवा लावत नाहीत. दिवा लावला की डोळे मध्ये लुडबुड करतात म्हणे. मग बाहेर येऊन मला सांगतात, "कोरडं आहे," किंवा "ओल आहे." लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कुठल्या वेड्याच्या पदरी पडले! पुढे बघितलं तर भिंत खरं सांगायची. हे म्हणाले ओल आहे, की मी कपडे बाहेर वाळत घालायची नाही, आणि दुपारपर्यंत भुरभुर सुरू व्हायचीच.

कामं बंद झाली तरी हा रिवाज बंद झाला नाही. भिंत चाचपून झाली की चहा, चहा झाला की कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाची पायरी. तिथे ह्यांच्यासारखेच दोघे-चौघे जमतात. त्यातले टपालवाले ह्यांचे खास. तेही रिटायर होऊन जमाना झाला, पण अजून रोज आपल्या जुन्या वाटेने फिरून येतात, फक्त खांद्याला पिशवी नसते. पायरीवर बसून ही मंडळी काय करतात? ढग बघतात. वारा कुठला आहे ते बघतात. पुढच्या आठवड्यात काय काय करायचं ते ठरवतात आणि पुढच्या आठवड्यात ते पुढच्या आठवड्यावर ढकलतात. एकाला दात काढायचाय, एकाला कुंड्या बदलायच्यात. म्हाताऱ्यांचे बेत ते, त्यांना कुठे गाडी पकडायची असते!

पण ह्यांच्या एका बेताला गाडी पकडायची होती.

ताईंचा, म्हणजे माझ्या वन्संचा, फोन आला तो रविवार होता. वन्सं दर रविवारी दुपारी फोन करतात. त्या राहतात डोंगरापलीकडे, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, मुला-सुनेच्या घरात मागच्या अंगाच्या एका खोलीत. त्यांना काचबिंदू आहे हे आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी मात्र त्या स्वतःच म्हणाल्या, "धाकट्या, खिडकी दिसते मला, पण खिडकीच्या बाजूचं काही दिसेनासं झालंय. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत यायची नाही, आणि उरलेलीही जाईल. कधी ते सांगता येत नाही. तू एकदा ये आणि माझी खोली रंगवून दे. दिसतंय तोवर बघते."

ह्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "कुठला रंग?"

"पिवळा. पण ओरडणारा नको."

"येतो," हे म्हणाले. "हवा सुधारली की लगेच येतो."

फोन ठेवल्यावर ह्यांच्यात असं वारं संचारलं की विचारू नका. माळ्यावरचं सामान खाली आलं. कडक झालेले ब्रश भिजत पडले. रंगाचा डबा आला, त्यात थेंब थेंब पिवळा घालून हे पुठ्ठ्यांच्या तुकड्यांवर हात मारायचे आणि ते खिडकीत वाळत ठेवायचे, कारण ओला रंग वेगळा दिसतो आणि वाळल्यावर वेगळा. मी भाजी चिरत असले तरी येऊन विचारायचे, "हा बघ, हा ओरडतोय का?" मी म्हणायची, "रंग नाही ओरडत, तुम्ही ओरडताय." शेवटी एकदाचा मनासारखा जमला. फार गोड होता हो तो रंग, उगाच खोटं कशाला बोलू.

पण रंग डब्यात ठेवला आणि घोडं तिथेच अडलं. रोज सकाळी कोटांमागे हात जायचा आणि रोज हे बाहेर येऊन म्हणायचे, "ओल आहे."

सुरुवातीला खरंच पाऊस होता, मी नाही म्हणत नाही. पण मग तो सरला. आकाश धुतल्यासारखं झालं. दोरीवरचे कपडे दुपारपर्यंत कडक वाळायला लागले. आणि हे आपले, "ओल आहे. हे ऊन वरवरचं आहे, भिंतीत ओल आहे."

पायरीवर टपालवाल्यांनी ह्यांची फार टर उडवली. "अहो रंगारी, मी पाऊस बघून टपाल वाटलं असतं ना, तर अर्ध्या गावाची पत्रं अजून माझ्या पिशवीत असती. जा की!"

"तुमचं काम पत्र टाकून पुढे जायचं," हे म्हणाले. "माझं काम भिंतीवर राहतं. ताईच्या खोलीला पोपडे सुटले तर?"

तसं बघितलं तर बोलणं बरोबर होतं. आयुष्यातलं शेवटचं काम, तेही बहिणीचं, ते ह्यांना नाक वर करून करायचं होतं. खरवडून काढायचं, पुट्टी भरायची, घासायची, मग प्रायमर, मग पहिला हात, मग दुसरा, आणि प्रत्येकाच्या मध्ये भिंत मनासारखी वाळू द्यायची. दर रविवारी फोन यायच्या आधी हे डबा उघडून काठीने रंग ढवळून ठेवायचे, तळाशी बसू नये म्हणून. ढवळून झाला की फोन वाजायचा.

"कसं आहे रे तिकडे?"

"ओल आहे ताई अजून. रंग ढवळून ठेवलाय."

"इकडे चांगलं ऊन पडलंय हो."

"वरवरचं असेल ते."

"असेल बाबा," वन्सं म्हणायच्या. "मग राहू दे. हवा सुधारली की ये."

मला ऐकवायचं नाही. एकदा फोन झाल्यावर मी भांडी तशीच टाकून बाहेर आले. म्हटलं, "अहो, ताईंची भिंत ताईंच्या घरात आहे. आपल्या घरातली भिंत चाचपून तिकडचं काय कळणार तुम्हाला?"

"ढग आधी आपल्याकडे येतात, मग डोंगरावरून तिकडे उतरतात. उभा जन्म बघत आलोय मी."

"बरं, मग रंग राहू द्या. आपण नुसते जाऊ आणि भेटून येऊ."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू ह्यांना उघडंच बाहेर पडायला सांगितलं. "रिकाम्या हाताने? आणि तिला काय सांगू, का आलो म्हणून?"

"भेटायला आलो म्हणून सांगा! बहीण आहे तुमची!"

"भेटायला काय, माणूस केव्हाही जातो."

"मग गेलात केव्हा?"

हे ब्रश धुवायला उठले. ताईंच्या घरी हे गेले ते कामापुरते. दार रंगवायचं होतं तेव्हा गेले, गॅलरीचा कठडा गंजला तेव्हा गेले. हातात ब्रश नसला की ह्यांना दुसऱ्याच्या घरात बसता येत नाही. पाचव्या मिनिटाला चप्पल शोधायला लागतात. मायेचा माणूस आहे हो, नाही असं नाही, पण ती माया सगळी हातात आहे, तोंडात नावाला नाही. काम असलं की मात्र पाय पसरून राहतात. ताईंकडचा कठडा रंगवायला गेले तेव्हा चांगले मुक्काम ठोकून आले होते, आणि वन्संनी मला फोन करून कौतुकाने सांगितलं होतं, की हा कठड्यावर बसून काम करता करता शीळ घालतो.

मधल्या काळात कोटांना कुबट वास यायला लागला. मी ह्यांना म्हटलं, "कोटांना कसला वास येतोय बघा."

"बघ!" हे खूश झाले. "तरी तू म्हणतेस कोरडं आहे. हवाच तशी आहे." मी हात टेकले. एका वेळी एकच कोट काढून उन्हात टाकला, वाळवला, परत टांगला, आणि चार दिवसांत वास परत.

वन्संचे फोन आखूड होत गेले. पूर्वी त्या खिडकीतून दिसेल ते सांगायच्या, समोरच्यांचं मांजर, कोणाचं भांडण. आता नुसतं, "जेवलास का, झोप लागते का, हवा कशी आहे." मला धडकी भरायची. ह्यांनाही कळत नसेल असं नाही. फोन झाला की डबा परत उघडायचे आणि परत ढवळायचे.

एका सकाळी मागच्या खोलीतून धप्पकन आवाज आला. मला वाटलं हेच पडले. धावत गेले आणि दिवा लावला. कोटांचा ढीग जमिनीवर, त्याच्यावर गिलाव्याचे ढलपे, त्यातच उखडून आलेल्या खुंट्या, आणि हे हात तसाच पुढे धरून उभे. कोटांमागची भिंत मी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी उघडी बघितली. छतापासून खुंट्यांपर्यंत काळाशार पट्टा उतरला होता आणि त्याच्या कडेने पांढरा खार फुलला होता. बाकी सगळी भिंत, अगदी हातभर बाजूची सुद्धा, खडखडीत.

आमच्या वरच्या मजल्यावर एक रिटायर झालेल्या नर्सबाई राहतात. त्यांची न्हाणी बरोबर त्या भिंतीच्या डोक्यावर आहे. प्लंबरला बोलावलं. त्याने वर जाऊन दोन फरश्या उचकटल्या आणि खाली येऊन सांगितलं, "पाइपाला केसाएवढी चीर आहे. थेंब थेंब झिरपतंय."

"कधीपासून असेल?" ह्यांनी विचारलं.

"झाले असतील बरेच महिने. सगळा गिलावा भुसभुशीत झालाय."

"म्हणजे हवेमुळे नाही?"

प्लंबरला हसू आलं. "हवेचा काय संबंध काका? बाहेर कधीपासून कडकडीत कोरडं आहे."

तो हत्यारं घेऊन परत वर गेला. हे खाली पडलेल्या कोटांच्या ढिगापाशी स्टूल ओढून बसले. मी काहीतरी तोडून बोलणार होते, तोंडापर्यंत आलंही होतं. उभा जन्म भिंती ओळखण्यात घालवला, दुसऱ्यांच्या घरी नुसतं दारातून वाकून सांगायचे, की ही ओल पाइपाची आहे, रंगाऱ्याला नको प्लंबरला बोलवा. आणि स्वतःच्या घरात रोज पाइपाला हात लावून हवा सांगत होते! पण ह्यांचा चेहरा बघितला आणि मी खाली पडलेले कोट झटकायला लागले.

"ताई सांगत होती ऊन आहे म्हणून," हे म्हणाले. "दर वेळी सांगत होती. मला वाटलं, तिला आता नीट दिसत नाही, तिला काय कळतंय."

मला रडूच आलं. रागही आला. ह्या माणसाचं काय करावं तेच कळेना. ऊन अंगावर पडतं हो, त्याला डोळे कशाला लागतात?

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आम्ही निघालो. फोन करायलाही हे थांबले नाहीत. रंगाचा डबा मांडीवर घेऊन बसले, कंडक्टर म्हणाला खाली ठेवा, तर नाही म्हणाले. वाटेत एकही ढग नव्हता. डोंगर उतरलो तरी नव्हता. हे खिडकीतून वर बघत होते आणि मधूनच डोळे मिटून घेत होते.

वन्संच्या घरी पोचलो तेव्हा दार सुनेने उघडलं. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच ह्यांच्या हातातल्या डब्याकडे बघून उतरला. "मामा," ती म्हणाली, "आधी चहा घ्या ना. बसा तर खरं." पण हे कसले बसतात! तडक मागच्या खोलीकडे.

खोली पिवळी होती.

चारही भिंती पिवळ्या. वन्सं खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. चपलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण वळवली ती आमच्याकडे नाही, जरा बाजूला, कपाटाकडे. "कोण?" म्हणाल्या.

"मी, ताई."

"धाकट्या!" त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तेही कपाटाकडेच. "अरे, आलास? हवा सुधारली वाटतं."

ह्यांच्याच्याने पाऊल उचलवेना. मीच पुढे झाले, वन्संचे हात धरले, ह्यांना ओढून त्यांच्यासमोर बसवलं आणि हात हातात दिले. सून दारातून माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "मामी, आईंनीच सांगू नका म्हणून शपथ घातली होती. एक दिवस त्यांना खिडकीचा मधला तुकडा तेवढा दिसायला लागला, चौकट दिसेना. तेव्हा म्हणाल्या, कोणालाही बोलवा आणि रंग लावा, मला एकदा बघू दे. मामांना कळवू म्हटलं तर म्हणाल्या, तो तिकडे डबा ढवळत बसलाय, त्याचा हिरमोड नको. रंग झाल्यावर खुर्ची मधोमध ठेवून घेतली आणि एकेक भिंत बघितली. थोडे दिवस दिसलं. मग गेलंच."

वन्संना ते ऐकू गेलं असावं. डोळे गेले तरी कान तिखट होते. "बघितली हो मी," त्या म्हणाल्या. "छान दिसत होती. आता तू बघ आणि सांग, कसं केलंय त्याने?"

हे उठले आणि भिंतीपाशी गेले. मला रंगातलं फार कळत नाही, पण इतकी वर्षं रंगाऱ्याचा संसार केला, तेवढं मलाही दिसत होतं. खरवडलं नव्हतं, पुट्टी नव्हती, जुन्या भेगांवरून तसाच रोलर फिरवला होता. रोलरचे पट्टे एकावर एक चढलेले. दिव्याच्या बटणांवरही पिवळे डाग. ह्यांनी सवयीने तळहात भिंतीला टेकवला आणि तसेच उभे राहिले. भिंत ठणठणीत कोरडी असणार, ते ह्यांच्या पाठीवरूनच मला कळलं.

"चांगलं केलंय," हे म्हणाले. "हात साफ आहे त्याचा."

"खोटं बोलू नकोस," वन्सं म्हणाल्या. "सकाळी आला आणि संध्याकाळी गेला तो माणूस. एका दिवसात कुठे चांगलं होतं? तूच सांगायचास ना, दोन हातांच्या मध्ये वाळू द्यावं लागतं म्हणून. तू असतास तर आठ-दहा दिवस सहज घेतले असतेस." मग पुढे म्हणाल्या, "मला तेच हवं होतं रे. रंगाचं काय! खोलीत तू शिडीवर असतास, मी इथे बसले असते, आणि दिसतंय तोवर तुला बघत राहिले असते."

हे वळले. "ताई, मग तसं सांगायचंस ना. नुसतं ये म्हणायचंस."

"नुसतं ये म्हटलं असतं तर आला असतास?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच फार वाईट होतं. "काम नसताना तू कधी आलायस माझ्याकडे?"

सून डोळे पुसत आत गेली. चहा ठेवल्याचा आवाज आला. हे परत येऊन वन्संच्या समोर बसले आणि खाली मान घालून स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. काम नव्हतं. रंग झालेला होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पण ह्यांनी चप्पल शोधली नाही.

"राहतो आता," शेवटी हे म्हणाले. "पाहिजे तितके दिवस राहतो."

"राहा की," वन्सं म्हणाल्या. "पण आता एक कर बाबा. जरा आवाज करत राहा. तू गप्प बसलास, की मला कळत नाही तू बसलायस की गेलास."

ह्यांनी तोंड उघडलं. खरंच प्रयत्न केला, मी बघत होते ना. ओठ हलले. आयुष्यभर जो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याला समोर बसलेल्या बहिणीशी काय बोलायचं ते सुचेना.

वन्सं वाट बघत होत्या, कान देऊन. मग त्यांनी हात पुढे करून हवेत चाचपलं. "आहेस ना रे?" म्हणाल्या. "धाकट्या? आहेस ना?"

"आहेत हो वन्सं," मीच म्हटलं. "इथेच आहेत."